मॉन्टेसरीच्या टॉडलर वर्गात मदतनीस म्हणून रुजू होताना

नुकतं चालायला लागलेल्या मुलांपासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांचा वर्ग म्हणजे टॉडलर वर्ग. साधारण १४-१५ महिन्यांचं मूल इथे येतं आणि तिसरं वर्ष पुरं करून पुढच्या वर्गात जातं. या वर्गात मी सात वर्षं मदतनीस म्हणून काम केलंय. पहिल्या महिन्यात मी रोज थकून घरी जायचे, आणि तरीही आमच्या मुख्य ताई म्हणायच्या, "तुम्ही फार करता. जरा कमी करा." मला वाईट वाटायचं. मी धावून धावून मदत करतेय, मग चुकतंय कुठे?

चुकत होतं ते वेळेत. या वर्गात मदतनिसाने राबायचं ते मुलं येण्याआधी आणि मुलं गेल्यावर. मुलं वर्गात असताना आपले हात आवरायचे. हे कोणी पहिल्याच दिवशी बसवून सांगितलं असतं तर माझा आणि माझ्या वाट्याला आलेल्या पहिल्या मुलांचाही बराच त्रास वाचला असता. म्हणून तुमच्यासाठी हे सविस्तर लिहितेय.

१. रुजू होण्याआधी: कागदपत्रं आणि पिशवी

संस्थेप्रमाणे यादी थोडी बदलते, पण ही कागदपत्रं बहुतेक ठिकाणी मागतात:

- ओळखपत्र, शिक्षणाची प्रमाणपत्रं, आधी कुठे काम केलं असेल तर तिथलं पत्र
- पोलीस पडताळणीचा दाखला. तो मिळायला वेळ लागतो, म्हणून अर्ज सगळ्यात आधी करा.
- वैद्यकीय तपासणीचा दाखला आणि लसीकरणाची नोंद
- लहान मुलांच्या प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र. घशात काही अडकलं तर काय करायचं हे वाचून येत नाही, हाताने करून शिकावं लागतं. प्रमाणपत्र जुनं झालं असेल तर पुन्हा शिकून घ्या.
- संस्थेचे बालसुरक्षेचे नियम वाचून सही केलेली प्रत

उलट कार्यालयाकडून तुम्ही एक गोष्ट मागून घ्या: वर्गातल्या मुलांची यादी. कोणाला कशाची ॲलर्जी आहे, कोणाला कुठलं औषध चालू आहे, अडचणीच्या वेळी कोणाला फोन करायचा आणि मुलाला घरी न्यायची परवानगी कोणाकोणाला आहे, हे सगळं त्यात हवं. ॲलर्जीची यादी तोंडपाठ करा. न्यायला येणाऱ्यांची यादी मात्र पाठ असली तरी रोज कागदावर बघूनच मूल हातात द्या. चेहरा ओळखीचा वाटला म्हणून मूल सोपवायचं नाही. समोरच्याला राग आला तरी चालेल.

पिशवीत मऊ तळव्याचे बूट ठेवा, कारण आपल्या पावलांचा आवाजही मुलांचं लक्ष मोडतो. ॲप्रन, कपड्यांचा एक जास्तीचा जोड, खिशात मावेल अशी वही, पेन्सिल आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ घ्या. लोंबती कानातली आणि लांब साखळी घरी ठेवा. नखं कापलेली, केस बांधलेले. फोन कपाटात.

२. या वर्गात काय शोधू नये

ही पद्धत घडवणाऱ्या इटालियन डॉक्टर मारिया मॉन्टेसरी यांचं पहिलं बालगृह रोमच्या सान लोरेंझो वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी सुरू झालं. तिथली बहुतेक मुलं टॉडलर वर्गाच्या मुलांपेक्षा मोठी होती. मॉन्टेसरी म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते साहित्य, म्हणजे एक ते दहा सेंटिमीटरच्या दहा ठोकळ्यांचा गुलाबी मनोरा, खरखरीत कागदाची अक्षरं, मण्यांच्या माळा, हे सगळं तीन वर्षांपुढच्या मुलांचं आहे. तीन वर्षांखालच्या मुलांबरोबर काम करणाऱ्यांसाठी वेगळं प्रशिक्षण त्यानंतर ४० वर्षांनी, १९४७ मध्ये, मॉन्टेसरींच्या शिष्या आदेले कोस्ता न्योक्की यांनी रोममध्येच सुरू केलं.

त्यामुळे टॉडलर वर्गाच्या कपाटात अक्षरं दिसली नाहीत तर गोंधळू नका. तिथे छोटा जग, फडकी, चपला घासायचा ब्रश, झाडांना पाणी घालायची झारी, कुलूप-किल्ली, झाकणांच्या डब्या, खुंटीवर चढवायच्या कड्या, चेंडू टाकला की खालच्या खणात येणारी पेटी, खऱ्या वस्तू आणि त्यांची चित्रं दिसतील. या वयात मूल तीन गोष्टींवर जीव टाकून काम करत असतं: आपलं शरीर ताब्यात आणणं, भाषा आणि "मी करणार". अक्षरांची घाई घरचे करतील. तुम्ही तरी करू नका.

३. मुलं येण्याआधीचा पाऊण तास

तुमच्या कामाचा खरा वेळ हा. पहिल्या दिवशी वर्ग रिकामा असताना एकदा गुडघ्यांवर चालत पूर्ण खोली फिरा. उभं राहून जे दिसत नाही ते तिथून दिसतं: टेबलाच्या खालच्या कडेला निघालेली फळीची चीर, कपाटामागे गेलेला मणी, मुलाच्या डोळ्यांसमोर न येता त्याच्या डोक्यावर टांगलेलं चित्र.

मग कपाटं. प्रत्येक कामाचा ट्रे वेगळा असतो आणि त्या कामाला लागणारं सगळं त्याच ट्रेमध्ये असतं. प्रत्येक ट्रे एकच. दोन मुलांना एकच काम हवं असेल तर एकाने थांबायचं, आणि थांबणं हाही इथला धडा आहे. ट्रेमधली एक वस्तू जरी कमी असली तरी मुलाचं काम मध्येच अडतं. ते ट्रे टाकून निघून जातं आणि आपण म्हणतो, "याचं लक्षच लागत नाही." मी हे किती वेळा म्हणाले असेन! नंतर बघावं तर जग होता, पेला होता, पण पुसायचं फडकं धुवायला गेलेलं.

पाण्याचं एक गणित मला ताईंनी शिकवलं, ते इथे देते. ओतायच्या जगमध्ये भरायचं तेवढंच पाणी, जेवढं समोरच्या पेल्यात मावेल. आणि सगळंच्या सगळं सांडलं तरी ट्रेवरच्या छोट्या फडक्यात ते टिपलं गेलं पाहिजे. म्हणजे सांडलं तर मूल स्वतः निस्तरू शकतं. जग काठोकाठ भरलात तर सांडलेलं पाणी पुसायला मोठं माणूस लागतं, आणि काम मुलाच्या हातून आपल्या हातात येतं. पेला काचेचाच ठेवा, छोटा आणि जाड बुडाचा. काच पडली की फुटते, हे मुलाला त्या पेल्याकडूनच कळतं. प्लास्टिकचा पेला ते कधीच सांगत नाही. फुटलीच तर मुलांना बाजूला थांबवून काच आपण भरायची. तेवढं काम मुलाचं नाही.

रोजची माझी तपासणी अशी असे:

- प्रत्येक ट्रे पूर्ण आहे का, कोरडा आहे का, तडा गेलेलं काही आहे का
- घड्या घातलेली फडकी टोपलीत पुरेशी आहेत का. एका सकाळी वीसेक सहज लागतात.
- छोटा झाडू, सुपली आणि पोछा मुलांच्या उंचीवर टांगलेले आहेत का
- स्वच्छतागृहात सुक्या चड्ड्या, ओल्या कपड्यांची बादली, हात पुसायचे पंचे आहेत का
- सुमारे ३.२ सेंटिमीटरपेक्षा कमी रुंदीची वस्तू मोकळी पडलेली आहे का. एवढी वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते. ओवायच्या मण्यांसारखं छोटं साहित्य असेल तर मोठं माणूस शेजारी असतानाच ते खाली काढायचं.
- उघड्या बादलीत किंवा टबमध्ये पाणी शिल्लक आहे का. या वयाचं मूल काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं.

नवी माणसं उत्साहाने कपाट गच्च भरतात. तसं करू नका. दोन ट्रेच्या मध्ये रिकामी जागा दिसली पाहिजे, म्हणजे मुलाला काम निवडता येतं आणि परत ठेवताना जागाही सापडते. साहित्य रोज बदलूही नका. या वयात मुलांना क्रमाची फार ओढ असते. काल जिथे झारी होती तिथे आज ती नसली तर एखादं मूल रडून आकांत करेल, आणि तो हट्ट नव्हे. त्याच्या दृष्टीने घरातली भिंत हलली आहे.

४. दारातला निरोप

नवं मूल पहिल्याच दिवशी पूर्ण वेळ थांबत नाही. पहिले दिवस आई किंवा बाबा वर्गात एका खुर्चीवर बसतात, मग थोडा वेळ बाहेर जातात, मग जास्त वेळ. कोणाला आठवडा लागतो, कोणाला महिना.

पालकांना दोनच गोष्टी सांगा. निरोप छोटा घ्या आणि घ्याच. मूल खेळात रमलंय असं बघून गुपचूप निघून जाणारे पालक मला दरवर्षी भेटले. त्या दिवशी रडणं वाचतं, पण दुसऱ्या दिवसापासून ते मूल दाराकडे पाठ करून बसत नाही, सारखं वळून बघतं.

रडणाऱ्या मुलाला उचलून खेळणी दाखवू नका. "रडू नको" असंही म्हणू नका. शेजारी खाली बसा. "आई गेली. तुला वाईट वाटतंय. जेवण झाल्यावर आई येणार," इतकं पुरे. नंतर जे काम हात गुंतवतं आणि डोक्याला ताण देत नाही ते समोर करायला घ्या. मी फडक्यांच्या घड्या घालायला घ्यायचे. कितीतरी मुलं हुंदके देता देता माझ्यासमोरचं फडकं ओढून घडी घालायला लागलेली मी बघितली आहेत.

५. कामाची वेळ: दाखवायचं कसं, थांबायचं कुठे

सकाळचे साधारण दोन तास मुलं आपापलं काम निवडतात. घंटा नसते, सगळ्यांनी एकाच वेळी एकच गोष्ट करायची नसते. मूल ट्रे उचलतं, टेबलावर किंवा अंथरलेल्या बसकरावर नेतं, हवं तितक्या वेळा करतं, परत जागेवर ठेवतं. परत ठेवणं वर्षाच्या सुरुवातीला जमत नाही. आपण ट्रेचं एक टोक धरून बरोबर जायचं.

काम दाखवायचे नियम थोडे आहेत, पण ते अंगवळणी पडायला महिने लागतात.

आधी आपल्याला त्या कामाची एकेक हालचाल माहीत हवी. घरी करून बघा. साधी खुर्ची उचलणं घ्या: एक हात पाठीला, एक हात बसायच्या जागेला पुढून, उचलायची, खुर्चीच्या पलीकडे बघत चालायचं, आधी दोन पाय टेकवायचे, मग उरलेले दोन. आवाज न होता. हे मी घरी स्वयंपाकघरात दोन दिवस करत होते.

दाखवताना उजव्या हाताने काम करत असाल तर मुलाच्या उजव्या बाजूला बसा. डावीकडे बसलात तर तुमचाच हात साहित्य झाकतो. डावखुऱ्यांनी याच्या उलट. हालचाल नेहमीपेक्षा बरीच सावकाश करा. आणि दाखवत असताना बोलू नका. मूल एक तर तोंडाकडे बघेल नाही तर हाताकडे. बोलायचं असेल तर हात थांबवा, बोला, मग पुन्हा हात चालवा.

दाखवून झालं की, "आता तू," असं म्हणून मागे सरका. खरोखर मागे सरका. पाठीमागे एक हात दुसऱ्या हातात धरून बसायची सवय मी मुद्दाम लावून घेतली, कारण माझे हात आपोआप पुढे जायचे.

एक प्रसंग सांगते. पावणेदोन वर्षांची एक मुलगी हात धुवायच्या टेबलापाशी होती. हे टेबल बेसिनपेक्षा वेगळं: एक जग, एक पसरट भांडं, साबणाची छोटी वडी, पंचा, खाली बादली. तिने जग आणला, पाणी ओतलं, हात भिजवले, साबण फिरवला, एकेक बोट दुसऱ्या मुठीत धरून चोळलं. अंगठा राहिला हे तिच्या लक्षात आलं, परत साबण घेतला. धुतलं, पुसलं, पाणी बादलीत ओतलं. आणि पुन्हा पहिल्यापासून जग घेऊन निघाली. तिसऱ्यांदा ती निघाली तेव्हा मी प्रेमानेच म्हणाले, "अगं, झाले की स्वच्छ!" तिने माझ्याकडे बघितलं, हातांकडे बघितलं, जग तिथेच ठेवला आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. त्या दिवशी तिने दुसरं कोणतंच काम धरलं नाही.

ती हात स्वच्छ करत नव्हतीच. ती पाणी नेणं, ओतणं, चोळणं, पुसणं ही लांबलचक साखळी मनात पक्की करत होती. मोठी माणसं काम संपवण्यासाठी करतात, लहान मूल करण्यासाठी करतं. तेव्हापासून मी एक नियम पाळला: मूल गुंगलेलं असेल तर कौतुकही करायचं नाही. "वा, शाब्बास!" हासुद्धा अडथळाच. बक्षिसं, चिकट चांदण्या, टाळ्या इथे नसतात याचं कारण हेच. मुलाने स्वतःहून आपल्याकडे बघितलं तर हसून मान हलवा. फार तर जे दिसलं ते सांगा: "सगळं पाणी तू पुसलंस."

मग मध्ये पडायचं कधी? तीन वेळा: मूल स्वतःला इजा करत असेल, दुसऱ्याला इजा करत असेल किंवा वस्तू मोडत असेल. बाकी सगळं बघत राहायचं. बूट उलटे घालतंय? बघा. बटण दहा मिनिटं लागत नाहीये? बघा. ते स्वतःहून मदत मागेल तेव्हाही सगळं करून देऊ नका. चेनच्या जॅकेटला फक्त खालचं टोक अडकवून द्या, वर ओढणं त्याचं.

६. बोलायचं कसं

इथल्या मुलांचे शब्द रोज वाढत असतात. त्यांच्याशी बोबडं बोलू नका. वस्तूचं खरं नाव घ्या. "भू-भू" नको, कुत्रा म्हणा, आणि जात माहीत असेल तर तीही सांगा. मोठे शब्द मुलांना जड जात नाहीत, आपल्याला जातात.

नवे शब्द देण्यासाठी तीन टप्प्यांचा पाठ वापरतात. एदुआर सेगँ या फ्रेंच डॉक्टरांची ही पद्धत मॉन्टेसरींनी घेतली. तीन खऱ्या वस्तू समोर ठेवायच्या. पहिला टप्पा, नाव सांगायचं: "हा चमचा." दुसरा, ओळखायला लावायचं: "चमचा माझ्या हातात दे. चमचा खिडकीत ठेव." तिसरा, विचारायचं: "हे काय आहे?" नव्या माणसाची चूक तिसऱ्या टप्प्यावर होते. दीड वर्षाच्या मुलाला दिवसभर "हे काय? ते काय?" विचारत सुटतात. मूल चुकतं, गप्प होतं. या वयात दुसऱ्या टप्प्यावरच रेंगाळा. त्यात हालचाल आहे, गंमत आहे, आणि चुकल्याचं ओझं नाही. मूल स्वतःहून नाव म्हणायला लागलं की तिसऱ्यावर जा. चुकलं तर दुरुस्त न करता पहिल्यावर परत या, तेही दुसऱ्या दिवशी.

सूचना देताना "नको" ऐवजी काय करायचं ते सांगा. "पळू नको" पेक्षा "आत आपण चालतो" लवकर कळतं. आणि खोलीच्या या टोकाहून त्या टोकाला हाक मारू नका. उठून जवळ जा, खाली बसा, डोळ्यांत बघून हळू बोला.

७. खाणं

मुलं फळ सोलतात, कापतात, वाढतात, आपली ताटली आपण धुतात. पिकलेलं केळं आणि बोथट धारेची छोटी सुरी यांपासून सुरुवात करा. द्राक्षांसारखी गोल फळं उभी चिरूनच द्यायची, आणि ते काम आपलं. मूल बसलेलं असतानाच खातं. घास तोंडात घेऊन कोणी फिरायला लागलं तर त्याला टेबलापाशी परत आणायचं, दरवेळी, न चिडता.

"अजून एक घास" हा शब्दप्रयोग वर्गाबाहेर ठेवून या. किती खायचं ते मूल ठरवतं. जेवताना तुम्हीही त्याच टेबलावर बसा आणि जेवा. शिष्टाचार शिकवून येत नाहीत, बघून येतात.

८. शी-शू

या बाबतीत घरून घेऊन आलेल्या सवयी सोडणं अनेकांना कठीण जातं. डायपरऐवजी जाड सुती चड्डी असते, म्हणजे ओलं झाल्याचं मुलाला कळतं. मूल उभं असतानाच कपडे बदलायचे, जेणेकरून चड्डी खाली ओढणं, वर ओढणं यात त्याचा हात लागेल. छोट्या बाकावर बसून ते स्वतः पाय घालतं.

शब्द जपून वापरा. "शी! काय केलंस हे!" असं कधीच नाही. नाक मुरडणंही नको. "चड्डी ओली झाली. चल, सुकी घेऊ या," एवढंच, रोजच्या आवाजात. ओली चड्डी बादलीत टाकणं आणि फरशीवरचं पाणी पुसायला हात लावणं हे मुलाचं काम. ती शिक्षा नव्हे, पाणी सांडल्यावर जसं पुसतो तसंच. शू पुसलेलं फडकं मात्र वेगळ्या बादलीत, मुलाचे आणि आपले हात साबणाने २० सेकंद, आणि फरशी नंतर आपण जंतुनाशकाने पुसायची.

मुलाला भांड्यावर जबरदस्तीने बसवायचं नाही. बाहेर जाण्याआधी, जेवणाआधी, झोपून उठल्यावर विचारायचं. "नाही" म्हणालं तर नाही. वेळा वहीत लिहा. दहा दिवसांत प्रत्येक मुलाचा आपला एक ठेका दिसायला लागतो.

९. चावणं

पहिल्यांदा एखाद्या मुलाच्या दंडावर दातांचा वळ बघाल तेव्हा पोटात गोळा येईल. टॉडलर वर्गात हे होतं. दात येत असतात, शब्द पुरे पडत नाहीत, जागा कमी पडते, भूक लागलेली असते.

आधी ज्याला चावलं त्याच्याकडे जा. जखम साबण-पाण्याने धुवा, गार फडकं ठेवा. कातडी फाटली असेल तर लगेच वरिष्ठांना सांगा, डॉक्टरांना दाखवावं लागतं. मग चावणाऱ्याकडे वळा. ठाम पण शांत: "चावल्यावर दुखतं. मी चावू देणार नाही." माफी वदवून घेऊ नका. दीड वर्षाच्या मुलाच्या तोंडून आलेल्या "सॉरी" ला काही अर्थ नसतो. गार फडकं आणून द्यायला सांगा, ते त्याला कळतं.

त्यानंतर वही काढा. आमच्या वर्गात एका महिन्यात चावण्याचे प्रकार फार वाढले होते. एका मुलावर सगळ्यांचा रोख होता. ताईंनी मला प्रत्येक वेळेची नोंद ठेवायला सांगितली: किती वाजता, कुठे, आधी काय चाललं होतं. दोन आठवड्यांनी पानं उलटली तर जवळपास सगळे प्रकार सव्वाअकरा ते साडेअकराच्या मधले आणि हात धुवायच्या जागेपाशी झालेले. आम्हीच जेवणाआधी सगळ्यांना एकदम तिथे बोलवत होतो! भुकेली दहा-बारा मुलं, दोन नळ. दुसऱ्या दिवसापासून दोघादोघांना बोलवायला लागलो, बाकीची टेबल मांडत राहिली. त्या मुलाला काहीही वेगळं शिकवावं लागलं नाही.

दोन्ही घरी त्याच दिवशी सांगा, पण चावणाऱ्या मुलाचं नाव दुसऱ्या घरी सांगायचं नाही. कितीही खोदून विचारलं तरी.

१०. झोप

जमिनीलगतची छोटी गादी, प्रत्येकाची ठरलेली जागा. झोप येत नसेल तर मूल शांत पडून राहील, पण त्याला थोपटून थोपटून झोपवायचा हट्ट नको. तुम्ही खोलीतून बाहेर जायचं नाही आणि दर काही मिनिटांनी प्रत्येकाचा श्वास, चेहरा उघडा आहे का ते बघायचं. निरीक्षणाची वही पूर्ण करायला हाच वेळ बरा.

११. पालकांशी काय बोलावं

मूल न्यायला आलेले पालक विचारतात, "आज काय शिकला?" तुम्ही मदतनीस आहात. प्रगती, अडचणी, तुलना यावर मुख्य ताईच बोलतील. पण एक छोटी, डोळ्यांनी बघितलेली गोष्ट तुम्ही नक्की सांगू शकता: "आज त्याने झारी तीनदा भरली आणि खिडकीतल्या सगळ्या कुंड्यांना पाणी घातलं." "छान होता," यापेक्षा हे पालकांच्या जास्त उपयोगी पडतं, घरीही ते एखादी झारी आणून ठेवतात.

मॉन्टेसरी हे नाव कोणीही लावू शकतं, त्यावर कोणाची मालकी नाही. तेव्हा तुमच्या वर्गात यातलं काही वेगळं दिसलं तर आधी आठवडाभर बघा, मग ताईंना एकट्यात विचारा. मुलांसमोर किंवा पालकांसमोर नको.

१२. मुलं गेल्यावर

जेवणाची भांडी आणि मुलांनी वापरलेले पेले उकळत्या पाण्यातून काढा. फडकी, पंचे, चड्ड्या वेगवेगळ्या धुवायला टाका. ट्रे पुसून कोरडे करा, ढिल्या खुंट्या आवळा, ब्रशमधले केस काढा. मुलांनी पुसलेलं टेबल ती दारात असेपर्यंत पुन्हा पुसायला घेऊ नका. ती वळून बघतात. गेली की खुशाल पुसा. मग सगळ्या बादल्या रिकाम्या करून पालथ्या घाला, उद्यासाठी ओतायचा जग पेल्याएवढ्या खुणेपर्यंत भरायचा आहे हे चिठ्ठीवर लिहून ठेवा, आणि वहीतली आजची तारीख बंद करा.